शेवटच्या कडव्याला पट्टी चढते

अमेरिकेहून परतलेल्या माणसाकडून लोकांना दोनच गोष्टी ऐकायच्या असतात, तिथली थंडी आणि तिथले भाव. मला दोन्हींबद्दल फारसं सांगता येत नाही. थंडी मी शालीत काढली आणि भाव मुलानं मला कळूच दिले नाहीत. आमच्या नागपूरच्या वस्तीतल्या बायका संध्याकाळी दारात जमल्या आणि "मॅडम, तिकडे काय काय पाहिलं?" म्हणून विचारू लागल्या, तेव्हा मी म्हणाले, "जपानी गाणी शिकून आले."

"अमेरिकेत जाऊन जपानी? मॅडमचं विमान चुकलं वाटते," एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

विमान बरोबर होतं. पण तिकडची ती पानगळ, तो धुरासारखा पाऊस आणि त्यात ऐकलेली गाणी आठवली की मलाही वाटतं, आपण कुठं भलतीकडेच उतरलो होतो की काय.

रेडमंड

माझा मुलगा सुगत वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंड गावात राहतो. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीमुळे नावारूपाला आलेलं गाव. निम्मं गाव सकाळी बसनं किंवा गाडीनं तिकडे जातं आणि संध्याकाळी गळ्यातली ओळखपत्रं न काढताच भाजी घ्यायला येतं. उंच काळपट सूचिपर्णी झाडं आणि त्यांच्या मधेमधे मेपल. मी पोचले तेव्हा मेपल नुकते पेटू लागले होते. पाऊस इतका बारीक की छत्री उघडली तर लोक वळून बघत. पाऊस पडतोय हे मला शाल ओली झाल्यावर कळायचं.

पहिले काही दिवस मी खिडकीशी बसून होते. दुपार कधी सरली आणि संध्याकाळ कधी आली हे समजत नसे. धुकं अंगणापर्यंत येई, थोडं थांबे, परत जाई. नागपुरात ऑक्टोबरात अंगाची लाही होते. इथं बसल्याबसल्या डोळे जड व्हायचे आणि मग मागच्या खोलीतून गाणं ऐकू यायचं.

गाणारी माझी नात मेत्ता, वय वर्षं सहा. माझ्याशी तिचं बोलणं बेतास बात. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि दोघींनी समजल्यासारखं हसायचं. माझी सून ऋतुजा पुण्याची. ती सांगायची, "आई, तिला सगळं कळतं हो, फक्त रिप्लाय इंग्लिशमध्ये करते." कळत असेल. पण मी जन्मभर प्राथमिक शाळेत गाणी शिकवलेली बाई. पेटीवर बोटं आणि वर्गावर डोळे ठेवून मी किती पिढ्यांना बडबडगीतं म्हणायला लावली, आणि माझ्या स्वतःच्या नातीला त्यातलं एकही येऊ नये? वर ही पोर दिवसभर गात होती ती जपानीत! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे कसलं गं गाणं?" एकदा गाडीत मी विचारलंच.

"इट्स अबाउट अ स्क्विरल, आजी," मागच्या सीटवरून ती म्हणाली. मग मला कळणार नाही अशा समजुतीनं तिनं सावकाश अर्थ सांगितला. एक खारूताई शरदात चेस्टनटची फळं गोळा करते आणि हिवाळ्यासाठी मातीत पुरून ठेवते. मग ती जागाच विसरते. सगळं गाणंभर शोधते, चंद्राला विचारते, वाऱ्याला विचारते. शेवटच्या कडव्यात वसंत येतो आणि तिनं पुरलं होतं तिथं झाडं उगवतात. "अँड शी सेज, ओ, देअर यू आर!"

अशी तिच्याकडे कितीतरी गाणी होती. पौर्णिमेला तांदळाचे लाडू ठेवून चंद्राची वाट पाहणाऱ्या सशाचं, रताळी भाजणाऱ्या आजोबांचं, एकच लाल मोजा सापडलेल्या मुलाचं. जुनी पाळण्यातली गाणी नव्हेत ही. गिटार, ढोल आणि टाळ्यांवर नाचायला लावणारी आजकालची पॉप गाणी, पण सगळी शरदातली. जपानी लोक मुलांसाठी ऋतूगणिक गाणी करतात म्हणे. आमच्या शाळेत पावसाची गाणी ढिगानं होती. शरदाचं चांदणं मात्र आपल्या कवींनी मोठ्यांसाठी राखून ठेवलं, हे मला त्या गाडीत पहिल्यांदा जाणवलं.

आणखी एक जाणवलं. मी मांडीवर बोटं फिरवून पाहिली. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही.

"अगं, हा तर आपला भूप!" मी एवढ्या जोरात म्हणाले की सुगतनं ब्रेक लावला.

ही गाणी मेत्ताला शिकवली होती हारुको नावाच्या जपानी बाईंनी. मुलं त्यांना सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजी. दर शनिवारी सकाळी गावातल्या एका छोट्या सभागृहात त्या मुलांना गोळा करत आणि त्यांचे मिस्टर पियानो वाजवत. पानगळ भरात आली की आईबापांसमोर गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा. त्यात खारूताईच्या शेवटच्या कडव्याआधी सहा वर्षांची आणि त्यापुढची मुलं एका बुटक्या बाकावर हात धरून उभी राहायची आणि उडी मारायची. सगळी खाली टेकली की गाण्याची पट्टी एका सुरानं चढायची. तेवढ्यात झाडं उगवलेली असायची. पाच वर्षांच्या मुलांना उडी नाही, त्यांनी खाली बसून टाळ्या वाजवायच्या. मेत्तानं गेल्या वर्षी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून ती या पानगळीची वाट बघत होती.

पण वसंतात हारुकोंचे मिस्टर वारले आणि सुट्टीनंतर वर्ग उघडलाच नाही. दर शनिवारी सकाळी मेत्ता बूट घालून जिन्यात बसायची आणि विचारायची, "इज इट टुडे?" ऋतुजा म्हणायची, "नाही गं राजा." मग ती बूट काढायची. कांगावा नाही, रडणं नाही. ते बूट काढणं मला बघवत नसे.

दसऱ्याच्या दिवशी

आम्ही बौद्ध. दसरा आमचा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. नागपुरात त्या दिवशी दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते पांढरे होऊन जातात, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, गावोगावहून आलेली माणसं. रेडमंडमध्ये आम्ही चौघांनी दिवाणखान्यात वंदना घेतली. मी पांढरी साडी नेसले होते. बाहेर धुकंही पांढरं होतं, त्यामुळे मला फार परकं वाटलं नाही.

त्या दिवशी हारुकोंना भेटायला जायचं असं मीच ठरवलं. आमच्या शाळेत त्या सणाला बाईंना फुलं द्यायची पद्धत होती. तिथल्या किराणा दुकानाबाहेर शेवंतीच्या कुंड्या रांगेनं मांडलेल्या असतात, पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या. साडीला शोभतील म्हणून मी पांढरी निवडली आणि सकाळी बसून तिची छानशी वेणी केली. यात माझा एक छुपा हट्टही होता. माझे मिस्टर गेले तेव्हा काही बायकांनी मला फुलं द्यायचं बंद केलं. तेव्हापासून नवरा गेलेल्या बाईच्या हातात मी मुद्दाम फुलं देते आणि माळायलाही लावते. ऋतुजा आणि मेत्ताला घेऊन हारुकोंच्या दारात मी मोठ्या ऐटीत उभी राहिले.

दार उघडलं. लहानखुऱ्या चणीच्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या साडीकडे पाहिलं, हातातल्या फुलांकडे पाहिलं आणि एक पाऊल मागं सरकल्या. मग इतक्या खाली वाकल्या की मला त्यांचं तोंड दिसेना. उठल्या तेव्हा डोळे भरले होते.

मी ऋतुजाकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले.

आत गेल्यावर उलगडा झाला. हारुकोबाईंचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही आपापल्या देशातून शिकून आलेली, त्यामुळे आम्हाला एकमेकींचं चटकन समजायचं. त्यांनी चहा ओतता ओतता हळूच सांगितलं, "आमच्याकडे पांढरी शेवंती अंत्यविधीला वाहतात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. सणाच्या दिवशी, भल्या सकाळी, मी या बाईच्या दारात पांढऱ्या कपड्यात अंत्यविधीची फुलं घेऊन उभी राहिले होते! मी भराभर खरं काय ते सांगून टाकलं. आमचा सण, आमचा पांढरा रंग, आणि ही फुलं तर केसांत माळायची.

"केसांत?" त्यांनी आपल्या आखूड केसांवरून हात फिरवला. जरा वेळ त्या वेणीकडे बघत राहिल्या. "तो गेल्यापासून शेजारी केक आणतात आणि हवेबद्दल बोलतात. त्याचं नाव कुणी काढत नाही. तुम्ही दारात उभ्या राहिलात तेव्हा मला वाटलं, चला, कुणीतरी त्याच्यासाठी आलं."

त्या उठल्या. कोपऱ्यात काळ्या लाकडाचं उघड्या दारांचं छोटं कपाट होतं. आत बुद्धाची मूर्ती, पितळी वाटी आणि हसऱ्या चेहऱ्याच्या एका गृहस्थांचा फोटो. त्यांनी माझी वेणी त्या फोटोला घातली, अगदी आपण हार घालतो तशी. मी सवयीनं हात जोडले आणि त्रिसरण म्हटलं. निम्म्यावर आले तर शेजारून त्यांचाही आवाज यायला लागला. उच्चार निराळे, चाल निराळी, पण शब्द तेच. मेत्ता एकदा माझ्याकडे आणि एकदा सेन्सेईंकडे बघत होती. आम्ही दोघींनी तिच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं असा तिचा चेहरा झाला होता.

मग त्यांनी भाजलेली रताळी आणली, जांभळ्या सालीची, आत पिवळीधमक. आमच्या घरी उपास कुणी करत नाही, पण उपासाचे पदार्थ सगळ्यांनाच आवडतात. आम्ही सालं सोलत, बोटं भाजून घेत बसलो. खिडकीबाहेर मेपलची पानं एकेक करून पडत होती. खाली पोचायला त्यांना इतका वेळ लागायचा की मधल्या वेळात एक घोट चहा होई.

"सेन्सेई," मेत्तानं शेवटी विचारलंच, "व्हेन इज अवर आकी?" आकी म्हणजे त्यांच्या भाषेत शरद.

हारुकोबाईंनी रताळं खाली ठेवलं. "या वर्षी नाही, मेत्ता-चान. पियानो वाजवायला कुणी नाही."

"मग रेकॉर्ड लावली तर?" ऋतुजानं विचारलं.

"रेकॉर्ड मुलांसाठी थांबत नाही," त्या म्हणाल्या. "मुलं हवेत असतात. कुणी घाबरतं, कुणी उशिरा उडी मारतं. शेवटचं मूल खाली येईपर्यंत तो सूर धरून बसायचा. मगच पट्टी चढवायचा."

मेत्तानं वाकून आपल्या बुटांची लेस बघितली, सुटली नव्हती तरी बांधली. ते पाहिलं आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं.

"मी वाजवते."

डावा हात

बोलून तर बसले. दुसऱ्या दिवशी सभागृहात त्या पियानोसमोर बसले. पेटीवर जन्म गेलेला माझा. उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. पियानोला भाता नाही, हे माझ्या डाव्या हाताला काही केल्या पटेना. तो हवेत मागेपुढे व्हायचा, नसलेला भाता शोधायचा. तो थांबवला की उजवाही थांबायचा. हारुकोबाई बाजूला कोट घालूनच बसल्या होत्या. वर्ग त्यांनी उघडून दिला होता, मुलांना निरोप पाठवले होते, पण गायचं नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. "मी फक्त ऐकेन," एवढंच.

सूर तर सोपे होते. भूपच तो. पांढरी एक सा धरला की सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर येई. गोची होती शेवटच्या कडव्याची. सा काळी एकवर सरकला की पाचांतले चार सूर काळ्या पट्ट्यांवर जातात आणि बोटांना आपलं घरच सापडत नाही. पॉप गाण्यांची ही खोड मला ठाऊक नव्हती. आपल्याकडे एकदा सा लागला की गाणं संपेपर्यंत तो हलत नाही, हलला तर गुरुजी छडी घेतात.

"आई, तू त्या कीबोर्डवर ट्राय कर ना," सुगत म्हणाला. मेत्तासाठी आणलेला आणि कपाटावर धूळ खात पडलेला तो कीबोर्ड त्यानं खाली काढला. "यात ट्रान्सपोजचं बटण आहे. बटण दाबलं की पट्टी वर. तू आहे तेच वाजवत राहा, यार, हाय काय अन् नाय काय."

माझा जीव भांड्यात पडला. पण कीबोर्ड सभागृहात मांडून पाहिला तर ते बटण होतं तांदळाएवढं, तशाच डझनभर बटणांच्या रांगेत. सूर बघावे तर बटण दिसेना, बटण बघावं तर सूर सुटे. डाव्या हाताला काम देऊन पाहिलं. त्यानं मोठ्या विश्वासानं शेजारचं बटण दाबलं आणि खारूताई जंगलात शोधत असताना ढॅणढॅण लग्नाचा बँड सुरू झाला. मुलं हसून हसून लोळली. मेत्तानं धावत येऊन बँड बंद केला आणि म्हणाली, "आजी, आय विल डू इट. यू जस्ट प्ले."

तिनं केलंही. मी सूर धरून ठेवायचा, मुलं उडी मारायची, शेवटचं मूल खाली आलं की मेत्तानं बटण दाबायचं. एकदा, दोनदा, बिनचूक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येताना गाडीत ती गात नव्हती तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बटणापाशी उभी असलेली मुलगी बाकावर उभी राहू शकत नाही.

ओढ्याकाठी

सुगतच्या घरामागून एक ओढा जातो. पानगळीत समुद्रातून सॅमन मासे त्यात परत येतात, जिथं जन्मले तिथंच अंडी घालायला. मी आणि मेत्ता एका दुपारी लाकडी पुलावर उभ्या होतो. पाऊस असल्यासारखा आणि नसल्यासारखा. पाण्यावर पिवळी पानं वाहत खाली जात होती आणि पानांखालून लालसर पाठीचे मासे वर जात होते. बघता बघता असं वाटायला लागलं की पाणी थांबलंय आणि आमचा पूलच हळूहळू सरकतोय. मेत्तानं माझ्या शालीचं टोक धरलं होतं.

"तू उडी मार," मी म्हणाले. "बटण मी बघते."

"यू विल प्रेस द बँड, आजी."

"नाही दाबणार."

"यू विल." ती हसली, मग हसणं विझलं. "इट्स ओके. इफ आय जंप, देअर इज नो आकी अॅट ऑल." मग ती मराठीत म्हणाली, माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं अख्खं वाक्य, "मी पुढच्या वर्षी उडी मारते."

पुढच्या वर्षी मी नसणार होते. हारुकोबाईंचं काही ठरलं नव्हतं. सहा वर्षांचं मूल पुढच्या वर्षाचं बोलतं तेव्हा ते आपल्यालाच समजावत असतं, हे शाळेत मी फार वेळा पाहिलेलं होतं. खाली एक मासा दगडावरून उसळला, पडला, पुन्हा उसळला. मला रडू आलं आणि पावसात ते खपून गेलं.

त्यानंतर मी रोज, घरातले कामावर गेले की, काळ्या पट्ट्यांवर ते शेवटचं कडवं बसवायला लागले. सगळे बाहेर, घरात मी आणि धुकं. चार काळे, एक पांढरा. बोटं सारखी जुन्या घरी जायची. कार्यक्रमाचा शनिवार उजाडला तरी मला ते आलं नव्हतं.

शनिवार

सभागृहाच्या मोठ्या काचांपलीकडे मेपल पूर्ण पेटलेले होते आणि आतल्या भिंती त्यांच्यामुळे नारिंगी दिसत होत्या, आमच्याकडे संत्र्याच्या ढिगाशेजारी बसलेल्या माणसाचं तोंड दिसतं तशा. आईबाप बसले, जपानी, मराठी, तमिळ, गोरे. मुलांच्या डोक्यावर कागदी पानांच्या टोप्या होत्या. हारुकोबाई दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर कोट घालूनच बसल्या. मधूनच निघाले तर गैर मानू नका, असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

सशाचं गाणं झालं, रताळ्यांचं झालं. एकेका गाण्याबरोबर माझा डावा हात शहाणा होत गेला आणि मांडीवर पडून राहिला. मग खारूताई आली. मोठी मुलं बाकावर चढली, हात धरून उभी राहिली. रांगेत एका जागी फट होती. मेत्ता माझ्या शेजारी, बोट बटणावर, टोपी नाकावर आलेली.

चंद्राला विचारून झालं. वाऱ्याला विचारून झालं. मी शेवटचा सूर धरला. आता मुलांनी उडी मारायची.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, हारुकोबाई निघाल्या. मी वर पाहिलं तर त्या दाराकडे नाही, आमच्याकडे येत होत्या. कोटाची बटणं काढत, खुर्च्यांमधून वाट काढत. मी सूर सोडला नाही. बाकावरची मुलं थांबली, सगळं सभागृह थांबलं. त्या मेत्ताजवळ आल्या, तिचं बोट बटणावरून अलगद उचललं, टोपी सरळ केली आणि जपानीत एकच शब्द म्हणाल्या. अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही, कारण मेत्ता धावत सुटली होती.

बाकावरच्या दोन मुलांनी तिला हात देऊन वर घेतलं. फट बुजली. आणि ती सगळी रांग उडाली.

त्या क्षणाचं काय सांगू? मुलं हवेत होती. टोप्या मागं राहिल्या होत्या, कागदी पानं सुटून वेगळी उडत होती, काचेबाहेर खरी पानं पडत होती. मेत्ताचे डोळे घट्ट मिटलेले आणि तोंड उघडं. मी सूर धरून बसले होते, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की सूर धरणं म्हणजे कुणाची तरी वाट बघणं. एक लहानगा अजून बाकावरच होता. आम्ही थांबलो. त्यानं डोळे मिटले, उडी मारली, तोही खाली आला.

हारुकोबाईंनी बटण दाबलं. त्यांचे डोळे मुलांवर होते, म्हणून ते दोनदा दाबलं गेलं.

पट्टी एका सुराऐवजी दोन सुरांनी चढली! मी दचकले, पण मुलं नाही. त्यांनी जराही न चाचरता तो उंच सूर पकडला आणि वसंतात शिरली. मागं आईबाप गाऊ लागले आणि वर पोचेनात, कुणाचा आवाज फाटला, सुगतचा तर पार फाटला. हारुकोबाईंनी तोंडावर हात ठेवला. आधी मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, खांदे हलवून हलवून हसत होत्या, आणि हसता हसता गायला लागल्या. ओ, देअर यू आर!

"त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं," नंतर चहा पिताना त्या मला म्हणाल्या. मी माझ्या पिशवीतले शंकरपाळे पुढं केले. त्यांनी कोट खुर्चीवर टाकून दिला होता. जाताना तो विसरल्या आणि सुगतला तो घेऊन त्यांच्या मागं पळावं लागलं.

नागपूर

परत आल्यावर पेटी काढली, भाता झटकला. डाव्या हाताला आपलं काम मिळालं आणि तो खूश झाला. हारुकोबाईंचा वर्ग पुन्हा भरू लागलाय, पियानोवर आता कॉलेजातली एक मुलगी बसते. तिला थांबायला शिकवायचं काम चालू आहे असं त्यांनी मेत्ताबरोबर कळवलंय.

रविवारी सकाळी मेत्ताचा व्हिडिओ कॉल येतो. तिच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. परवा मी फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला आणि खारूताई वाजवायला घेतली. पलीकडे ती सोफ्यावर चढली. इकडे दारात वस्तीतल्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. चंद्र झाला, वारा झाला. मी सूर धरला.

"आजी, मी उडी मारते!"

ती उडाली आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. चित्र जागच्या जागी थांबलं. मेत्ता सोफ्याच्या वर, पाय पोटाशी घेतलेले, केस छताकडे, डोळे घट्ट मिटलेले. तशीच राहिली.

"मॅडम, फोन अटकला," दारातली बाई म्हणाली. "ठेवून द्या, पुन्हा लावा."

मी नाही ठेवला. भाता हलवत राहिले, सूर धरून राहिले. पोर हवेत होती. मग पेटीला बटण नाही म्हणून माझी बोटं मीच उचलली आणि चार काळ्यांवर, एक पांढऱ्यावर ठेवली. ती बरोबर पडली. शेवटचं कडवं मी न चुकता वाजवलं आणि ती खाली यायची वाट बघत बसले.